कोळंबी कुजली, आता मासे सोडू का?

प्रश्न : 120 लिटरची समुद्री टाकी लावून तीन आठवडे झाले. कोरडे खडक, वाळू, क्षारता हजारात 35. कुजून अमोनिया सुटावा म्हणून सुरुवातीला एक कच्ची कोळंबी टाकली होती. अमोनिया आता शून्य येतो, पण नायट्राइटच्या चाचणीची नळी गर्द जांभळी, म्हणजे नायट्राइट भरपूर. दुकानदार म्हणतो, ‘दोन डॅमसेल मासे सोडा, टाकी लवकर बसेल,’ म्हणजे माशांसाठी तयार होईल. मुलगी रोज क्लाउनफिश मागते. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डॅमसेल सोडू नका. माझ्या पहिल्या टाकीत मी असाच सल्ला ऐकला होता. तिसऱ्या दिवशी निळा मासा वाळूवर आडवा, कल्ले लालभडक, धापा टाकत होता. तो गेला, आणि ते मला अजून टोचतं.

तुमची टाकी अगदी योग्य वाटेवर आहे. अमोनियाचा नायट्राइट करणारे जिवाणू आधी जमतात. नायट्राइटचा नायट्रेट करणारे मागाहून, सावकाश येतात. जांभळी नळी म्हणजे हे दुसरे अजून कमी आहेत. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून फारसा शिरू देत नाही, म्हणून तो इथे गोड्या पाण्याइतका घातक नसतो. मला भीती अमोनियाची आहे. समुद्री पाण्याचा पीएच 8.2च्या आसपास, आणि पीएच चढला की अमोनिया जास्त विषारी होतो. आजचं शून्य म्हणजे कोळंबी संपली एवढंच असू शकतं.

कोळंबीचा उरलासुरला लगदा काढून टाका. मत्स्यटाक्यांसाठी मिळणारं अमोनियम क्लोराइडचं द्रावण अमोनिया 2 पीपीएम (दशलक्षात दोन भाग) होईल इतकंच घाला, चोवीस तासांनी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच टाकी तयार. नायट्राइट उतरेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नका, बरेच किट तोवर तो फुगवून दाखवतात. पाणी 26 अंशांवर ठेवा, पंप रात्रीही चालू राहू द्या, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली मुळीच धुऊ नका. क्लोरीनने तीन आठवड्यांची कमाई जाईल. वाळूवर तपकिरी थर आला तर घाबरू नका, नव्या टाकीत तो येतोच.

आणखी दोन-तीन आठवडे लागतील. तोवर मुलीच्या हाती टेस्ट किट द्या, रोजचा रंग तिलाच वहीत लिहू दे. अमोनिया शून्य आणि नायट्राइटची नळी फिकट निळी, म्हणजे तोही शून्य, झाला की निम्मं पाणी बदला आणि एकच क्लाउनफिश आणा.