आयजीई वाढलंय म्हणजे इम्युनिटी चांगली का? – माझं उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं की लेकाच्या रिपोर्टमध्ये आयजीई (अ‍ॅलर्जीवाली अँटीबॉडी) वाढलेलं आलंय, शेजारीण म्हणतेय अँटीबॉडी जास्त म्हणजे इम्युनिटी मस्त, मग पोरगा सकाळ-संध्याकाळ शिंकतो कशाला? मी इंदूरलाच लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं मला विचारू नका, पण हा घोळ सोडवून देतो.

अँटीबॉडी एका जातीची नसते हो. बी-सेल, म्हणजे अँटीबॉडी बनवणारी पांढरी पेशी, आधी आयजीएम नावाची जात काढते, मग कुठली जात काढायची ते बरंचसं टी-सेल ही दुसरी पांढरी पेशी सांगते, आणि ती निरोप पाठवते सायटोकाइन नावाच्या छोट्या प्रोटीनांमधून. आपल्या राजवाड्याकडच्या पोह्याच्या ठेल्यासारखंच, पोहे तेच, पण एक गिऱ्हाईक म्हणतं जीरावन मसाला जास्त मार, दुसरं म्हणतं उसळ टाक. अँटीबॉडीचं जंतूला धरणारं टोक तेच राहतं, मागची शेपटी बदलते, आणि सगळी करामत त्या शेपटीत. इंटरल्यूकिन-४ किंवा १३ (ही सायटोकाइनंच) चा निरोप आला की आयजीई, टीजीएफ-बीटा या सायटोकाइनचा आला की लाळेत-आतड्यात लागणारं आयजीए, आणि ४ सोबत १० पण असलं तर गाडी आयजीजी-४ कडे वळते, अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांचा लांब कोर्स केलेल्यांत हेच वाढलेलं दिसतं. आणि एकदा उसळ पडली की कोरडे पोहे परत मिळत नाहीत, कारण पेशी आपल्या डीएनएचा मधला तुकडा कापूनच टाकते, पुढच्या जातीवर जाता येतं, मागे नाही.

पण नुसत्या निरोपानं भागत नाही, टी-सेलच्या अंगावरचं सीडी-४० लायगँड नावाचं प्रोटीन बी-सेलला प्रत्यक्ष टेकावं लागतं. काही मुलग्यांत जन्मतःच ते बिघडलेलं असतं (जीन १९९३ मध्ये सापडला), त्यांच्यात आयजीएम भरपूर पण आयजीजी, आयजीए जवळपास नाहीच, आणि सारखी इन्फेक्शनं.

पुढे इंटरल्यूकिन-२१ आणि ६ बी-सेलला प्लाझ्मा सेल बनवायला लावतात, म्हणजे अँटीबॉडीचा कारखानाच, सेकंदाला हजारो. ६ तर सापडलंच मुळी बी-सेलला चेतवणारं म्हणून, जपानात किशिमोतोंच्या टीमनं १९८६ मध्ये त्याचा जीन क्लोन केला. नेटवर इंटरल्यूकिन-५ बद्दल वाचाल तर जपून, बी-सेलवरचं त्याचं काम मुख्यतः उंदरांतलं, माणसात ते इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवतं, लोक उंदराचं बिनधास्त माणसाला चिकटवतात.

म्हणून "इम्युनिटी बूस्ट" काढे ऐकले की मला हसू येतं, बूस्ट करणार काय, आयजीई? २०१७ ला आलेलं डुपिलुमॅब हे औषध तर उलट इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांचा सामायिक रिसेप्टरच, म्हणजे निरोप घेणारी जागाच, बंद करतं.

बरं, जंतांनीही आयजीई वाढतं. लेकाची स्टूल टेस्ट झालीय का? सीबीसीमध्ये इओसिनोफिल किती आलेत तेही बघा आणि दोन्ही कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.