आयातशुल्काचा आधार फाउंड्रीला किती?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) असून आम्ही प्रामुख्याने सिलिंडर हेड आणि फ्लायव्हीलचे बिडाचे कास्टिंग करतो. परदेशी विजेच्या मोटारींवर सरकारने जबर आयातशुल्क ठेवले आहे, असे वाचनात येते. त्यामुळे आमच्यासारख्यांचे संरक्षण होईल काय?
— एक वाचक, उद्यमबाग

उत्तर : फारसे होणार नाही. आयातशुल्काने अडते ती बाहेरून तयार होऊन आलेली मोटार. तुमच्या कामावर गदा येणार आहे ती मात्र मोटारीत इंजिनच नसल्यामुळे, मग ती मोटार शांघायला बनलेली असो की पुण्याजवळ. देशी कंपनीने विजेची गाडी काढली, तरी तिला सिलिंडर हेड लागत नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने नवी योजना जाहीर केली, तेव्हा अशा तयार मोटारींवर किमतीनुसार ७० ते १०० टक्के शुल्क होते. भारतात किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवण्याची हमी देणाऱ्या कंपनीला ३५,००० डॉलर किंवा त्याहून महाग अशा गाड्या, वर्षाला जास्तीत जास्त ८,००० या मर्यादेत, १५ टक्के शुल्कावर आणण्याची मुभा या योजनेने दिली. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तिच्यातील दुसरी अट : तीन वर्षांत २५ आणि पाच वर्षांत ५० टक्के मूल्यवर्धन देशातच व्हायला हवे, म्हणजे गाडीच्या मूल्याचा तेवढा वाटा इथेच तयार व्हायला हवा. सुट्या भागांना काम मिळाले तर ते या अटीमुळे मिळेल, नुसत्या शुल्काच्या भिंतीमुळे नव्हे. अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी विजेच्या मोटारींवरील शुल्क २५ वरून १०० टक्क्यांवर नेले आणि युरोपीय संघाने चीनच्या अनुदानाची चौकशी करून नेहमीच्या १० टक्क्यांवर कंपनीनिहाय ३५.३ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क बसवले. पण तिथलाही वाद तयार गाडीचाच आहे.

ब्रेक ड्रम, डिस्क, हब हे भाग विजेच्या गाडीतही राहतात आणि बिडाचे काम त्यांत आहे. गाडी चालवणाऱ्या विजेच्या मोटरचे आवरण मात्र बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या प्रेशर डायकास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू दाबाने धातूच्या साच्यात (डाय) भरून केलेले असते. त्याची यंत्रे आणि डाय एकट्या लहान फाउंड्रीला झेपणे अवघड, म्हणून त्या मोहात एकदम पडू नये, असे आम्हांला वाटते. ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या कास्टिंगला या बदलाची झळ इतक्या लवकर लागणार नाही. तुमच्याकडून महिन्याला जाणाऱ्या मालात निव्वळ मोटारीच्या इंजिनाच्या भागांचे वजन किती किलो आहे, ते आधी वेगळे मांडून पाहावे. कोणते पॅटर्न (ओतकामाचे नमुने) पुढे चालतील, हे त्यावरूनच ठरवता येईल.