कपाटातलं इन्सुलिन

"मावशी, वय ३६. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवते. पाच वर्षं शुगर आहे, दोन महिन्यांपूर्वी इन्सुलिन लागलं, सकाळ-रात्र. घरात फक्त मालकांना माहीत. 'एकदा सुई लागली की सुटत नाही' असं सासूबाई शेजारणीबद्दल बोलल्या, तेव्हापासून इन्सुलिनचं पेन साड्यांच्या कपाटात लपवते, मोरीत जाऊन टोचून घेते. तपासणीआधी दोन दिवस अर्धीच भाकरी खाते, नाहीतर डॉक्टर रागावतात. तरी शुगर वाढलेलीच. मशीनवर कधी हात थरथरतात, घाम फुटतो. रात्री रडू येतं. कुणाशी बोलू? पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे, तिथं काय करू?"
– स., सोलापूर

स.,
रडण्याकडे येते, पण आधी ते कपाट. सोलापूरचा उन्हाळा तुला मी काय सांगू! न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरातलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. साड्यांच्या घडीत ते बिघडलं असेल, तर तू इमानानं टोचतेयस आणि शुगर उतरत नाही. मग डॉक्टर डोस वाढवणार, आणि नवं चांगलं पेन सुरू झालं की तोच वाढीव डोस तुझी शुगर फार खाली खेचणार. तुझ्या बाबतीत असंच झालंय का, हे डॉक्टरच ठरवतील. म्हणून पेन हातात घेऊनच जा, ते कुठं ठेवत होतीस ते सांग. मनानं डोस बदलू नकोस.

आणि ती अर्धी भाकरी बंद कर. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, दोन दिवसांच्या उपासाला ती भुलत नाही. पूर्ण डोस आणि अर्धं जेवण म्हणजे मात्र शुगर एकदम पडण्याचा थेट धोका. पेशंटवर ओरडणारे डॉक्टर मला आवडत नाहीत, पण खोट्या आकड्यावर तेही खोटंच औषध देणार ना? मालकांना सोबत ने. "मी घाबरून लपवलं" एवढं बोललीस तरी पुष्कळ.

सासूबाईंना सांगायचं काम मालकांचं, आई त्यांची आहे. इन्सुलिन काहींना कायम लागतं, काहींचं पुढं कमी होतं, थांबतंही. शरीराला स्वतःचं पुरत नाही म्हणून बाहेरून घ्यायचं, त्यात तुझा गुन्हा काय? चार दिवस घरात कुजबुज होईल. होऊ दे. इन्सुलिनचा डबा फ्रिजच्या मधल्या कप्प्यात गेला पाहिजे, फ्रीझरमध्ये नाही.

शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बाईलाही सांगून ठेव. हात थरथरले, घाम आला की शुगर फार उतरलेली असू शकते, लगेच तपास. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्रच नसेल, तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून पी, १५ मिनिटं थांब. बरं वाटलं नाही तर पुन्हा घे, मग जेव. त्या घडीला शेंगाचटणी-भाकरीचा उपयोग नाही, ती सावकाश चढते. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे त्या बाईला आधीच माहीत हवं.

आता रडणं. रोज सुई, रोज पथ्य, वर लपवाछपवी, याचा शीण येतोच. डॉक्टरांनाही हा प्रकार ठाऊक असतो, तू सांगितलंस तर. पण दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय असं असेल, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. घरातून बाहेर पडणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटला तर त्याच क्षणी लाव, दोन आठवड्यांची वाट बघू नकोस.

लग्नाला जा, नटून जा. आपल्याकडं अक्षता सातच्या आणि पंगत दहाला. घरूनच टोचून निघालीस तर मांडवात भोवळ येईल. रात्रीचा डोस जेवणाच्या किती आधी घ्यायचा ते डॉक्टरांना विचारून ठेव, पेन पर्समध्ये ने, आणि पानं मांडलेली दिसल्याशिवाय टोचू नकोस.
– मावशी