नक्षी शिल्लक असलेले 2017 सालचे टायर पावसाळ्यात आंबोलीमार्गे गोव्याला जाण्याआधी बदलावेत का?

होय, दोन्ही टायर बदलून घ्यावेत. निवृत्तीनंतर आपली साडेतीनशे सीसीची मोटारसायकल बहुतेक काळ उभीच असते, असे आपण लिहिले आहे. परंतु उभ्या गाडीचे रबरही उष्णता, ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे कडक होत जाते, आणि असे रबर, नक्षी कितीही खोल असली तरी, ओल्या घाटरस्त्यावर नीट पकड धरत नाही. टायरचे वय त्याच्या कडेवरील चार आकडी शिक्क्यावरून कळते: 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. हा शिक्का अनेकदा एकाच बाजूस असतो, त्यामुळे गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाकून पाहावे लागते. मिशेलिन कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर, टायर चांगला दिसला तरी, बदल सुचवते. मात्र साठीनंतर सामान लादलेली जवळजवळ दोनशे किलोंची गाडी कलल्यावर पायाने सावरणे अवघड जाते, म्हणून माझ्या मते इतकी वाट पाहू नये. गाडीला ट्यूब असल्यास तीही त्याच वेळी नवी घालावी, आणि दुकानदाराने पुढे केलेल्या टायरवरचा शिक्काही वाचूनच पैसे द्यावेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून तो निघण्याच्या आदल्या दिवशी न बसवता आठवडाभर आधी बसवून शे-दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर बेताने चालवावा.