त्यांना परत सांगू दे

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. प्रौढ धर्मशिक्षणाच्या वर्गाला बारा-चौदा माणसे येतात, पाऊण तास मान हलवत बसतात आणि काही विचारले की "आम्ही अडाणी, तूच सांग" म्हणून मोकळी होतात. तेव्हा हा वर्ग ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकलेल्या कुणाकडे सोपवावा की पडद्यावर चित्रे दाखवून पाहावे, असे तू विचारतेस. दोन्ही नको. चित्रे दाखवलीस तर ती माणसे आणखी निवांत बसतील.

तुझी तक्रार जुनीच आहे. सुमारे ४०० साली कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनने, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरील धर्मसेवकाने, संत ऑगस्टीनला कळवले होते की नवख्यांना श्रद्धा समजावताना आपले बोलणे आपल्यालाच नीरस वाटू लागते. ऑगस्टीनने उत्तरादाखल एक पुस्तकच लिहून धाडले आणि त्यात एक अगदी घरगुती सूचना केली की, ऐकणारा उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला आसन द्यावे. तुझ्या वर्गात खुर्च्या पुष्कळ आहेत, पण तुझ्या पुस्तकी मराठीपुढे ती माणसे अजून उभीच आहेत.

म्हणून माझे एकच सांगणे आहे: तू जे सांगशील ते त्यांना त्यांच्या बोलीत परत सांगू दे. १९७२ साली रोमने प्रौढांच्या दीक्षेचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या तयारीचा, जो विधी नव्याने सिद्ध केला, त्यात उपवासकाळात दीक्षार्थींच्या हाती क्रीड, म्हणजे श्रद्धेचा अंगीकार, सोपवले जाते आणि ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारी ते त्यांनी परत म्हणून दाखवायचे असते. तेथे ते शब्दशः म्हणायचे असते हे मला ठाऊक आहे. पण वर्ग म्हणजे विधी नव्हे. वर्गात ते आपल्या वसईकडच्या कादोडी बोलीत परत आले पाहिजे, वाडवळी बोलीत परत आले पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांना अनोळखी वाटसरूसारखा भेटलेला ख्रिस्तसुद्धा आधी "तुम्ही कशाविषयी बोलत आहात?" असे विचारतो आणि ज्याला सर्व ठाऊक आहे तो स्वतःचीच कहाणी त्या दोघांच्या तोंडून, त्यांच्या निराशेसकट, शेवटपर्यंत ऐकून घेतो. शास्त्रलेखांचा अर्थ तो त्यानंतर उलगडतो. तुला मात्र पहिल्या पाच मिनिटांत अर्थ उलगडण्याची घाई असते!

मलाही होती. तीस वर्षांपूर्वी मी 'कृपा' हा शब्द शिकवत होतो. फुले विकून घर चालवणारी एक बाई मागच्या बाकावरून कादोडीत म्हणाली की, कृपा आपल्या बावखलासारखी, वाडीतल्या खणलेल्या तळ्यासारखी असते. खणतो आपण, गाळ उपसतो आपण, पण पाणी काही आपले नसते, आणि ते भरले की शेजाऱ्याच्या विहिरीलाही गोडे पाणी राहते. मी काय केले असेल? हसलो, "बरोबर, पण नीट शब्दांत सांगायचे तर" असे म्हणालो आणि फळ्यावर व्याख्या लिहिली. तिने ती वहीत उतरवून घेतली. पुढची दोन वर्षे ती नियमाने वर्गाला आली आणि एक शब्दही बोलली नाही. त्या व्याख्येतले आज मला काहीही आठवत नाही.

तू म्हणशील, माणसे चुकीचे बोलली तर? बोलतीलच. एखादा उठून सांगेल की, मी जसा आईचा मुलगा, बायकोचा नवरा आणि पोरांचा बाप, तसाच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. म्हणजे एकच जण, फक्त तीन नात्यांनी. हीच चूक तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियसने केली होती आणि ख्रिस्तसभेने ती नाकारली. पण तुझ्या वर्गातला तो माणूस गप्प बसला असता तर ती चूक त्याच्या मनात जन्मभर राहिली असती आणि तुला कळलेही नसते. त्याला बोलू दे, मग विचार की मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमानीच्या बागेत प्रार्थना करणारा येशू कोणाशी बोलत होता.

त्या बाईनंतर मी हट्टी झालो, हे मी नाकारत नाही. एका वर्षी क्रीडमधल्या "पापांची क्षमा" एवढ्यावरच पाच आठवडे गेले, अभ्यासक्रम निम्मा राहिला आणि मी वर्गात गप्पा मारतो अशी तक्रार झाली. मी वर्गाचा ताबा सोडला नाही. कदाचित त्यात अहंकारही असेल. पण त्या पाच आठवड्यांत दोन भाऊ जमिनीच्या वादाविषयी सर्वांदेखत बोलले, हे तक्रार करणाऱ्यांनी कधी लक्षात घेतले नाही. हातात श्रद्धेची प्रश्नोत्तरी असूनही गोव्यातल्या साष्टीच्या लोकांनी आपल्या भाषेतले पुराण मागितले, तेव्हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स ओव्या रचायला बसले आणि १६१६ साली राचोलला ते 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. प्रश्नोत्तरी पुरेशी असती तर एवढा खटाटोप कशाला झाला असता?

येत्या रविवारी धडा निम्माच घे. "आम्ही अडाणी" म्हणणारे ते आजोबा आहेत ना, त्यांना शेवटचा अर्धा तास दे, आणि ते अडले तरी वाक्य पुरे करून देऊ नकोस. पुढच्या पत्रात तू काय शिकवलेस ते कळवू नकोस. ते काय बोलले ते लिही, त्यांच्याच शब्दांत.

तुझे,
सर