ट्रॅक सोडा, नासर्डी धरा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण बाराव्या दिवशी मीही तिथंच पोचले होते. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: तुम्ही लातूरहून नोकरीसाठी नाशिकला आलात, दोन वर्षं झाली, इंदिरानगरला राहता. शंभर दिवस रोज १०,००० पावलं असं चॅलेंज घेतलंय, बारा दिवस जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारून वैताग आलाय, आणि आता विचारताय की चालता चालता नाशिक बघून होईल का, सुरुवात कुठून करू.

होईल. पण आधी त्या दहा हजारांचं काय ते मिटवू. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीनं पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव चाललं, आकडाही चालला. माझी उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे गोल आकडा दिसला की मला आधी संशय येतो. दहा हजार म्हणजे साधारण सात किलोमीटर, चांगलंच आहे, चाला. पण एखाद्या दिवशी साडेसात हजारांवर मन भरलं तर खुशाल घरी या. रात्री अकरा वाजता उरलेली पावलं भरायला मी हॉलमध्ये सोफ्याभोवती फिरायचे. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, “प्रदक्षिणा सोफ्याला चाललीय की मला?” त्या रात्रीपासून ते बंद.

त्याऐवजी मी शहराचा एक मोठा नकाशा आणला, कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि गुलाबी स्केचपेन घेतलं. चालून आलं की ज्या रस्त्यानं गेलो तो रंगवायचा. नियम एकच: रोज निदान एक गल्ली अशी, की जिच्यात आजवर पाऊल पडलेलं नाही. पंधरा दिवसांनी कपाट उघडून बघते तर काय, पन्नास वर्षं नाशिकची म्हणवणारी मी जेमतेम पाच-सहा रस्त्यांवर जगले होते. माहेर पंचवटीतलं, सासर गोविंदनगरला. मधलं नाशिक मी रिक्षातून बघितलेलं.

आता कुठून सुरुवात करायची ते. माझं ऐका, पाणी धरून चाला. देवळांची यादी घेऊन निघालात की आठ दिवसांत यादी संपते आणि पाय पुन्हा ट्रॅककडे वळतात. पाण्याचं तसं नाही. ते तुम्हाला अशा ठिकाणी नेतं जिथं एरवी जायचं काही कारणच नसतं.

तुमच्या हाताशी नासर्डी नदी आहे. कागदोपत्री नंदिनी, पण रिक्षावाल्याला नासर्डीच सांगा. सातपूरकडून येते, उंटवाडीवरून, तिडके कॉलनीच्या मागून, मुंबई नाक्याजवळून, पुणे रोडच्या नासर्डी पुलाखालून टाकळीला जाते आणि तिथं गोदावरीला मिळते. सगळीकडे काठानं चालता येत नाही, आधीच सांगते. कुठं कंपाउंड आडवं, कुठं झुडपं, कुठं वासच असा की ओढणी नाकाला. म्हणून मी पुलावरून पुलावर गेले. एका पुलावर उभं राहायचं, पाणी कुठं वळतं ते बघायचं, मग मधल्या कॉलन्यांतून वाट काढत पुढचा पूल गाठायचा. पुढचा पूल सापडेपर्यंत तीन-चार नव्या गल्ल्या आपोआप होतात. एका दिवसात उरकू नका, तीन-चार सकाळी लावा.

शेवटी टाकळी. समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं ते हेच ठिकाण, इथला मारुती शेणाचा, म्हणून गोमय मारुती. लहानपणी शाळेच्या सहलीत मी तिथं गेले होते, डबा खाल्ला आणि परत आले. या खेपेला उंटवाडीपासून तुकड्या-तुकड्यांनी नदीबरोबर चालत गेले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मठ तिथंच का. संगम आहे ना!

नासर्डी झाली की गावात शिरा. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ अशी जुनी म्हण आहे, टेक म्हणजे टेकडी. ती खरी की खोटी ते पोटऱ्यांना विचारा. जोगवाडा, डिंगरआळी, चित्रघंटा, गढी, सगळा चढउतार. गाडीवर हे कळत नाही. पायी जाताना मात्र कळतं की इथल्या प्रत्येक उताराचं पाणी शेवटी गंगेवर जातं. (गंगा म्हणजे गोदावरी. दोन वर्षांत हे एव्हाना कळलंच असेल.)

दहीपुलावर दोन मिनिटं थांबा. नावात पूल आहे, डोळ्यांना कुठं दिसत नाही. दुकानं, गर्दी आणि हॉर्न. खालून सरस्वती नाला गेलाय, झाकलेला. जोराचा पाऊस पडला की मात्र तो आपली जुनी वाट विसरत नाही, दहीपुलावर गुडघाभर पाणी साचतं आणि लोक दरवर्षी नव्यानं चकित होतात. तिथून सराफ बाजार, भांडी बाजार करत उतरा, समोर गंगा. दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती, दिसला की तो किती उंच आहे ते नीट बघून ठेवा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेक सांगतात, गावात मारुती सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं. कोरड्यात त्याची उंची डोळ्यांत भरली असेल तरच पावसाळ्यात ‘कमरेला लागलं’ म्हणजे काय ते समजतं.

जुन्या तांबट आळीतून जाल तेव्हा रहाड विचारा. माझ्या अख्ख्या चॅलेंजमध्ये सगळ्यात आवडलेली जागा तीच. रहाड म्हणजे पेशवाईपासूनचा दगडी हौद, जमिनीत, रस्त्याच्या मधोमध. वर्षभर वर फळ्या टाकून बुजवलेला असतो, त्यावरून स्कूटर जातात, भाजीवाली बसते. रंगपंचमीला उकरून उघडतात, पूजा करतात, रंग भरतात आणि माणसं त्यात धपाधप उड्या मारतात. दर रहाडीचा रंग वेगळा. शनि चौकात एक आहे, तिळभांडेश्वर गल्लीत एक. मी एरवीच्या दिवशी गेले होते. एका आजोबांना विचारलं, रहाड कुठं? ते म्हणाले, “ताई, तुम्ही उभ्या आहात तिथंच.” मी चटकन पाय उचलला, जसं काही मांजरावर पडला. पलीकडे एका घरात कुणीतरी तांब्याचा हंडा मठारत होतं, ठक्-ठक्, मधे श्वास घेण्यापुरती विश्रांती, पुन्हा ठक्-ठक्. माझं पाऊल त्याच तालावर पडायला लागलं ते गल्लीच्या टोकापर्यंत. काम करणारे हात आता थोडे उरलेत, सकाळी दहानंतर गेलात तर ऐकायला मिळेल.

पंचवटीबद्दल फार लिहीत नाही, माहेर आहे, लिहीत सुटेन. काळारामाला जालच. तिथं दाराबाहेर क्षणभर थांबा, २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा माणसं या दाराबाहेरच अडवली गेली होती.

एखाद्या रविवारी पाण्याला सुटी द्या आणि पांडवलेणी करा. इंदिरानगरहून पाथर्डी फाट्यापर्यंत सर्व्हिस रोडनं चालत, मग वरच्या पायऱ्या. (लेणी उघडायची वेळ आणि तिकीट आधी विचारून घ्या.) चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, दाराच्या कमानीवर ब्राह्मीत नाशिककरांच्या धंभिक गावानं दान दिल्याचं कोरलंय. आणि दहा नंबरच्या लेण्यात मी बँकवाली खिळून उभी राहिले. नहपान राजाचा जावई उषवदात, त्यानं ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले: २,००० महिना एक टक्क्यानं, १,००० महिना पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत काढायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यांसाठी. करा हिशेब: दोन हजारांवर वर्षाचे बारा टक्के म्हणजे २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद पै न् पै जुळतो! उतरताना गुडघे बोलत होते, तरी मी खूश.

आता खबरदारीचं. एप्रिल-मेमध्ये साडेआठच्या आत घरी. कुत्र्यांच्या टोळ्या पहाटे असतात, पळू नका, थांबा आणि सावकाश बाजूला व्हा. गावात बायकांसाठी स्वच्छतागृहाची अडचण खरी आहे, घरून सोय बघून निघा. आणि पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जाऊ नका. श्रावणात, चॅलेंजच्या एकसष्टाव्या दिवशी, शेवाळावर माझा पाय सटकला, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. चूक कुणाचीच नाही, फोनमध्ये पावलं बघत उतरत होते. प्लास्टर निघाल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, खंड पडला, आता पुन्हा एकपासून. मी बासष्टपासून सुरू केलं. आधी रंगवलेले रस्ते नकाशावरून पुसले गेले होते का?

तर उद्या उंटवाडीचा पूल. आणि बुधवारी गंगेवर बाजार असतो, त्या दिवशी गाव धरा, पिशवी घेऊन. जाताना चालत जा, येताना सिटीलिंकच्या बसनं या. दोन्ही हातांत भाजी घेऊन द्वारकेचा चौक पायी ओलांडायचा पराक्रम मी केलेला आहे. त्या दिवशी किती पावलं झाली कुणास ठाऊक, फोन घरीच चार्जिंगला होता.