प्रीमियर पद्मिनी गाडीसाठी इंजिन ब्लॉक निवडताय? आधी आरसीवरचा इंजिन नंबर बघा

तुम्ही लिहिलंय की 1979 च्या पद्मिनीचा मूळ ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा सांगाडा, इंजिन नंबर यावरच असतो) झिजलाय, कुर्ल्याहून टॅक्सीतला एक ब्लॉक स्वस्तात मिळतोय, एकजण प्रीमियरच्याच नंतरच्या 118एनई गाडीचं अख्खं इंजिन द्यायला तयार आहे, आणि काउंटरवर सांगितलंय की ‘बिल असलं की नंबर आरसीवर चढतो’. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. आम्हालाही अगदी याच शब्दांत सांगितलं होतं.

आमचं असं झालं. दुसरा ब्लॉक घेतला, पक्कं बिल घेतलं, बोअरिंग-होनिंग (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, कातून आतून घासणं) करून इंजिन उभं केलं. गाडी तपासणीला नेली तर नोंदणी कार्यालयातल्या दुसऱ्या टेबलाने विचारलं, हा ब्लॉक ज्या गाडीतून निघाला तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद कुठाय? तो आधी कोणीच मागितला नव्हता. भंगारवाल्याकडे तो असण्याचा प्रश्नच नव्हता. लेखी मागितलं तर लेखी देईनात, साहेब रजेवर, फाइल वर गेलीये, पुढच्या सोमवारी या. ऐन पावसाळ्यात गाडी कव्हरखाली उभी राहिली आणि ताज्या होन केलेल्या बोअरला गंज धरला. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलं तेव्हा पिस्टन जिथे थांबला होता तिथे बोअरला तांबूस कडं उमटलेलं. रिंगा गेल्या, होनिंग परत. शेवटी जुन्याच ब्लॉकला स्लीव्ह (बोअरच्या आत बसवायची नळी) टाकून तोच नंबर ठेवला, तेव्हा कुठे गाडी रस्त्यावर आली. त्या टेबलाचा राग अजून आहे. माणूस पदरचे पैसे घालून जुनी गाडी जिवंत ठेवतो, त्याला निदान कागदांची यादी तरी एकदाच आणि पूर्ण द्यावी.

म्हणून माझं मत सरळ आहे. मूळ ब्लॉकला तडा नसेल तर तोच वापरा. इंजिन बदलायला नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते, आणि दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला नंबर परत बघतातच. मी वकील नाही, कार्यालयागणिक पद्धत बदलते, तुम्ही लेखी विचारा आणि पोच घ्या.

सीसीच्या मोहात पडू नका. तुमचा बोअर 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 75, म्हणजे 1089 सीसी. पूर्ण 1 मिमी बोअर वाढवला तरी 1122 होतात, जेमतेम तीन टक्के. तेवढ्यासाठी भिंतीचं लोखंड कशाला घालवायचं? दम हेडच्या पोर्टमध्ये, कॉम्प्रेशनमध्ये, कार्बोरेटर-एक्झॉस्टमध्ये आहे. स्लीव्ह टाकून स्टँडर्ड 68 वर या आणि उरलेले पैसे हेडवर आणि क्रँक-फ्लायव्हील बॅलन्सिंगवर घाला. या क्रँकला मेन बेअरिंग (ती पेलणारे आधार) तीनच आहेत, फार आरपीएमची हाव नको.

118एनईचं निसान ए12 इंजिन चांगलंच आहे, यात वाद नाही. 1171 सीसी, 73 बाय 70, पाच मेन बेअरिंग, मोकळं फिरतं. पण बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट सगळंच हलतं. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, त्यात इंजिनमधले मोठे बदल चालत नाहीत. तुमची 2029 ला तिथे पोचते. मी तरी ती वाट बंद करणार नाही.

टॅक्सीच्या ब्लॉकबद्दल एवढंच, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 ला संपल्या. आता जे ब्लॉक फिरतायत ते बहुतेक आधीच बोअर झालेले किंवा स्लीव्ह पडलेले असणार. वरून रंग मारलेला असेल तर जास्तच सावध.

तुमचा ब्लॉक तपासताना बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी लावायला सांगा. वॉटर जॅकेटची (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीची) प्रेशर टेस्ट हवीच. तड्यासाठी इथे नाशिकला सातपूर-अंबडमध्ये डाय पेनेट्रंट (रंग जिरवून तडा दाखवणारी चाचणी) करून देणारे मिळतात. घरी बघायचं तर ब्लॉक लख्ख पुसा, डिझेल फासून रात्रभर ठेवा, सकाळी कोरडा करून वर खडू घासा. तडा असेल तर खडूवर ओली बारीक रेघ उमटते. हेड बोल्टच्या भोकांभोवती आणि दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर जास्त बघा. मेन कॅप (मेन बेअरिंगवरची झाकणं) ज्या ब्लॉकच्या त्याच राहू द्या, बोअरिंगवाल्याकडे देण्याआधी पंचने खुणा करा. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका, कितीही घाई केली तरी.

जाता जाता, बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, जॅकेटमध्ये क्षार बसतात आणि कसारा घाटात तापमानाची सुई लाल. कार्बोरेटर मुंबईत ट्यून करणार असाल तर नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे, इथे मिश्रण थोडं रिच होईल (पेट्रोल जास्त पडेल), जेटिंग (कार्बोरेटरच्या जेटची निवड) इथेच करून घ्या.

बोअरची मापं आली की टाका, ओव्हरसाइज (थोडा मोठा बोअर आणि पिस्टन) चालतंय की स्लीव्हच लागेल ते बघू.